अँप्लिफायरचा हुंकार

टीव्ही पुढून पाहून कुणाच्याही घराबद्दल मत बनवू नये. पुढून सगळ्यांचेच टीव्ही चकचकीत असतात. खरी परिस्थिती मागे डोकावल्यावर कळते. आमच्या टीव्हीच्या मागे मी लग्नानंतर पहिल्यांदाच डोकावलो, तेव्हा वायरींचा गुंता, बोटभर धूळ आणि बायकोचा चष्मा एवढा ऐवज निघाला. हा चष्मा हरवल्याबद्दल मी एके काळी आठवडाभर बोलणी खाल्ली होती. मी लगेच फोन करून तो सापडल्याचं सांगितलं. ती म्हणाली, तो नंबर आता बदलला. मी चष्मा पुसला आणि कपाटावर ठेवून दिला.

मागे जायचं कारण असं की आमचा रिसीव्हर ऐन मोक्याच्या क्षणी मान टाकायचा. ज्यांच्या घरी होम थिएटर नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो, रिसीव्हर म्हणजे टीव्हीखालचा काळा डबा. चित्रपटातला आवाज तो घेतो, निरनिराळ्या स्पीकरांना वाटून देतो आणि त्यासाठी लागणारी ताकदही स्वतःच पुरवतो. घरातल्या कर्त्या माणसाचं जे काम, तेच. आता कर्त्याची ताकद बेताची आणि खाणारी तोंडं दांडगी असली तर काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने घर आवरताना आपले छातीइतके उंच असे दोन उभे स्पीकर माझ्या गळ्यात मारले होते. ते दिसायला भारदस्त आणि खायला खादाड होते. नायकाने खलनायकाची कॉलर धरली, संगीत चढलं, की रिसीव्हर 'टक्' करून बंद पडायचा. त्या काळात पाहिलेल्या एकाही खलनायकाचं पुढे काय झालं, ते मला आजही माहीत नाही.

आवाज कमी ठेवावा, असं कुणीही म्हणेल. आमची ही सगळा संसार तेच म्हणत आली. पण ती मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडेच अडकली. बाळ आजीशिवाय झोपत नाही, असं कळतं. 'पुढच्या महिन्यात येते' हे मी इतक्या महिन्यांत ऐकलंय, की हल्ली ती सांगायच्या आत मीच म्हणून टाकतो. तक्रार नाही. नातवंडाचं कौतुक मलाही आहे. पण खरं सांगायचं तर मला फार एकटं वाटत होतं. एकटा माणूस घर खायला उठतं म्हणतो. आमचं घर तेवढेही कष्ट घेत नसे, ते नुसतं बघत बसायचं. फ्रिजची मोटर बंद झाली तरी मी दचकून वर बघायचो. बाहेरून आलो की आधी टीव्ही लावायचो आणि मग चपला काढायचो. आणि आवाज हळू ठेवला की टीव्हीतली माणसं शेजारच्या घरात बोलत असल्यासारखी वाटायची. मला ती आमच्या घरात बोलायला हवी होती.

विमा कंपनीच्या दावे खात्यात माझी हयात गेली. समोरच्याचा दावा कुठे लंगडा आहे, हे शोधण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. त्यामुळे रिसीव्हरची तक्रार घेऊन ज्या दुकानदाराकडे गेलो, त्याचं म्हणणं मी सहज मान्य केलं असं कुणी समजू नये. मी त्याला उलटसुलट प्रश्न विचारले. तो शांतपणे म्हणाला, रिसीव्हरला बाहेरून एक वेगळा अँप्लिफायर जोडा. रिसीव्हरने नुसतं डोकं चालवायचं, हमाली अँप्लिफायरने करायची. रिसीव्हरच्या पाठीवर 'प्री-आउट' नावाची दोन भोकं असतात, तिथून दोन वायरी काढून अँप्लिफायरमध्ये खोचायच्या, की झालं. ही 'की झालं'ची भाषा मी दाव्यांच्या खात्यात रोज ऐकत असे आणि रोज त्यावर लाल शेरा मारत असे. या वेळी मात्र मी मान डोलावली.

बातमी इमारतीत माझ्याआधी पोचली. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. आम्ही त्यांना वरच्या बाई म्हणतो. त्यांनी जिन्यात मला थांबवलं आणि हेडफोन घ्या, असा सल्ला दिला. एकट्या माणसाला काय करायचंय एवढं, असंही म्हणाल्या. बाई मनाने चांगल्या आहेत, पण मुलांना समजावून सांगण्याची सवय सुटलेली नाही. मी त्यांना म्हणालो, हेडफोन लावला की घरात एकटा असलेला माणूस डोक्यातही एकटा होतो. बाई 'बघा बाई, तुमचं तुम्ही' म्हणून वर निघून गेल्या.

अँप्लिफायर आला. दोन हमालांनी तो खोक्यासकट दिवाणखान्यात ठेवला आणि पाणी मागितलं. मी खोकं उघडलं आणि मलाही पाणी प्यावंसं वाटलं. यंत्र चांगलं होतं, पण आमच्या टीव्हीच्या कपाटाच्या मानाने फारच ऐसपैस होतं. पुढून बसेना, म्हणून सुताराला बोलावून कपाटाची पाठ कापून घेतली. पाठ कापली तरी यंत्र मागे वीतभर बाहेर आलं, म्हणून कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. कपाट पुढे आल्यामुळे सोफा मागे सरकवला. सोफा मागे गेल्यामुळे बाहेरचा दरवाजा अर्धाच उघडू लागला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. मी माझ्याच घरात तिरका शिरू लागलो. सुतार जाताना म्हणाला, साहेब, यापेक्षा भिंत मागे नेली असती तर सोपं पडलं असतं.

मग मी ती दोन भोकं शोधली, दोन वायरी खोचल्या, स्पीकर अँप्लिफायरला जोडले, चित्रपट लावण्याआधी क्षणभर हात जोडावेत की नाही याचा विचार केला आणि बटण दाबलं. अँप्लिफायर म्हणाला, 'हूंऽऽऽ.'

आधी वाटलं, सुरुवातीला घसा साफ करत असेल. पण नाही. चित्रपट चालू असो, बंद असो, पात्रं रडोत, मरोत, मागे आपलं अखंड 'हूंऽऽ'. मी स्वतःशीच म्हणालो, अरे, हे काय झालं? तो म्हणाला, हूं. मी म्हणालो, आता दुकानदाराला फोन करायला हवा. तो म्हणाला, हूं. एखादी गोष्ट सांगताना ऐकणारा हुंकार देतो ना, तसाच. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्याला एवढा नियमित प्रतिसाद मला पहिल्यांदाच मिळत होता. पण तो चांगल्या पैशांत घेतलेल्या यंत्राकडून मिळावा, हे काही बरोबर नव्हतं. दुकानदाराने फोनवर सांगितलं की वायरिंग पाहून घ्या, यंत्र एकदम ओके आहे.

आता इथे खालच्या मजल्यावरच्या अर्थिंगकाकांची ओळख करून देणं भाग आहे. काका टेलिफोन खात्यातून फार पूर्वी निवृत्त झाले. पाहावं तेव्हा इस्त्रीचा शर्ट आणि खिशात टेस्टर. जगातल्या झाडून सगळ्या बिघाडांचं मूळ अर्थिंगमध्ये आहे, असं त्यांचं ठाम मत. लिफ्ट अडकली, अर्थिंग. सोसायटीच्या सेक्रेटरींचं डोकं दुखलं, अर्थिंग. विजेला जमिनीत जायला नीट वाट मिळाली नाही, की ती असा कुठेतरी राग काढते. त्यांची ही टेप सुरू झाली की लोक जिना चढू लागायचे. मीसुद्धा चढत असे. काका मुलगा, सून, नातवंडांबरोबर राहत. भरलं गोकुळ. पण मुलाने घरातली झाडून सगळी यंत्रं मोबाइलवर चालणारी आणली होती आणि काकांनी एकदा गिझर उघडल्यापासून त्यांना घरात कशालाही हात लावायची बंदी होती. ही बंदी सुनेने अतिशय गोड शब्दांत घातली होती, असं काका स्वतःच सांगत. 'बाबा, तुम्ही आता आराम करायचा,' एवढंच ती म्हणाली होती.

हुंकार जिन्यापर्यंत ऐकू जात होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. अर्ध्या उघडणाऱ्या दारातून ते तिरके आत आले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, 'अर्थिंग.' मी नाही म्हणालो नाही. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी निदान बोलणारी होती.

त्या दिवसापासून काका रोज येऊ लागले. कपाटामागे शिरायचे, प्रत्येक वायर हातात घेऊन तिची चौकशी करायचे, आणि मी टॉर्च धरून उभा राहायचो. मग कॉफी व्हायची. कॉफीबरोबर जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या गोष्टी. त्यांच्या तरुणपणी एका माणसाचा फोन लावला की दुसऱ्याच्या घरी वाजायचा आणि त्यातून पुढे एक लग्न जमलं, ही गोष्ट मी किमान चार वेगवेगळ्या शेवटांसह ऐकली. अँप्लिफायर मागून हूं हूं करायचा. आम्हा तिघांचं बरं चाललं होतं.

एके दिवशी काकांनी शास्त्रशुद्ध प्रयोग करायचं ठरवलं. आमच्या घराचं अर्थिंग वाईट आहे की यंत्र, याचा एकदाच सोक्षमोक्ष लावायचा. त्यासाठी अँप्लिफायरला दुसरीकडची वीज द्यायची. दुसरीकडची म्हणजे कुठली? तर जिन्यातल्या बोर्डातली. लांब वायर ओढली, बटण दाबलं. मोठं यंत्र चालू होताना एकदम वीज ओढतं, हे काकांना माहीत होतं असं ते नंतर म्हणाले. जिन्यातले दिवे गेले, आणि त्याच बोर्डावर असलेली लिफ्टही दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी हे अतिशय नियमाचे गृहस्थ. लिफ्टच्या जाळीतून आम्हाला त्यांचे फक्त बूट दिसत होते. बूट शांत होते. त्यांनी आतूनच विचारलं की सामायिक वीज खाजगी कामासाठी वापरण्याची परवानगी कुणी दिली. काकांनी त्यांना खालून अर्थिंगचं महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. त्या माणसाला कुठेही निघून जाता येत नव्हतं. बोर्डातलं पडलेलं बटण वर केलं असतं तर तो लगेच सुटला असता, हे मला सुचलं होतं, पण काकांना इतका मन लावून ऐकणारा श्रोता कधी मिळाला नसेल असं वाटून मी थोडा वेळ गप्प राहिलो. माझी एवढीच चूक.

व्हायचं ते झालं. माझा अँप्लिफायर समितीच्या बैठकीत गेला. संध्याकाळनंतर वाद्यं वाजवू नयेत असा आमचा नियम आहे. अँप्लिफायर हे वाद्य आहे का, यावर बराच खल झाला. मी दावे खात्याचा सगळा अनुभव पणाला लावून सांगितलं की अँप्लिफायर स्वतः वाजत नाही, तो फक्त दुसऱ्याचा आवाज पोचवतो. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, मग सध्या तो कुणाचा आवाज पोचवतोय? शेवटी आवाज प्रत्यक्ष ऐकून मत देण्यासाठी सेक्रेटरी आणि वरच्या बाई यांची उपसमिती नेमण्यात आली.

उपसमिती आली, सोफ्यावर बसली, माना तिरक्या करून ऐकू लागली. बाई म्हणाल्या, आवाज आहे, पण त्यात काही वावगं नाही. सेक्रेटरी म्हणाले, पुन्हा एकदा वेगळ्या दिवशी ऐकावा लागेल. कॉफी झाली. वेगळ्या दिवशी ते पुन्हा आले. मग आणखी एका वेगळ्या दिवशी. तिसऱ्या खेपेला बाई स्वतःचं विणकाम घेऊन आल्या आणि सेक्रेटरींनी पहिल्यांदाच स्वतःबद्दल काही सांगितलं, ते म्हणजे त्यांना लिफ्टची लहानपणापासून भीती वाटते. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच ओघात जमिनीत नवीन अर्थिंग करण्याची परवानगीही मिळाली. इमारतीच्या मागे, फुलझाडांच्या वाफ्याशेजारी काकांच्या देखरेखीखाली खड्डा खणला. त्यात धातूची पट्टी, कोळसा आणि मीठ घातलं, आणि वायर माझ्या खिडकीपर्यंत वर आणली. हुंकार तसाच. काका म्हणाले, मुरायला वेळ लागतो, जमीन ओली राहिली पाहिजे. तेव्हा रोज संध्याकाळी मी बादली घेऊन खाली जाऊ लागलो आणि मोकळ्या मातीत पाणी ओतू लागलो. आमच्या खात्यात माझ्या सहीला लोक घाबरत असत. येणारेजाणारे विचारायचे, काय लावलंय? मी सांगायचो, अर्थिंग. एक गृहस्थ म्हणाले, उन्हात ठेवायला हवं होतं.

फोनवर बायकोला सगळं सांगायचो. ती विचारायची, तो मागे कसला आवाज येतोय? मी म्हणायचो, हुंकार. ती विचारायची, आणि एवढं कोण बोलतंय? मी म्हणायचो, उपसमिती. ती हसायची. ती तिकडे हसली की मला वाटायचं, सगळं वसूल झालं.

आणि मग दुर्दैव पाहा. एके सकाळी मी कपाटामागची धूळ झटकत होतो. रिसीव्हरच्या पाठीवर दोन वायरी खोचलेल्या, त्यातल्या लाल प्लगला फडक्याचा धक्का लागला. तो किंचित सैल आहे असं वाटलं, म्हणून अंगठ्याने आत दाबला. संध्याकाळी बटण दाबलं. अँप्लिफायर काही बोलला नाही. मी कान लावला. शांत. मी लाल प्लग जरा बाहेर ओढला, हूंऽऽ. आत दाबला, शांत. एवढंच होतं ते. खड्डा, कोळसा, मीठ, बादल्या, लिफ्ट, समिती, उपसमिती, सगळं एका अर्धवट बसलेल्या प्लगपायी.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. काका आले, त्यांनी ती शांतता ऐकली आणि मटकन सोफ्यावर बसले. 'मुरलं अर्थिंग,' मीच म्हणालो. बादल्या मी वाहिल्या होत्या, पण खड्डा त्यांचा होता. काका 'हो, मुरलं म्हणायचं' असं म्हणाले. मला वाटलं होतं त्यांना जास्त आनंद होईल.

मग समारंभाने चित्रपट झाला. बाई, सेक्रेटरी, काका, सगळे आले. आणि काय सांगू, आवाज! पावसाचा थेंब कुठे पडला ते कळत होतं. माणसं कुजबुजली तरी आमच्या सोफ्यामागे येऊन कुजबुजल्यासारखी वाटत होती. बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. काकांनी एकदा एक्स्चेंजची गोष्ट काढायचा प्रयत्न केला, पण नेमकी तोफ डागली गेली. पुष्कळ दिवसांनी मी खलनायकाचा शेवट पाहिला. दिवे लागल्यावर सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. सेक्रेटरी म्हणाले, प्रकरण निकालात निघालं. बाईंनी विणकाम गुंडाळलं. काका दारात जरा घोटाळले आणि म्हणाले, 'चला, आता माझं काही काम उरलं नाही.' आणि तिरके होऊन गेले.

त्यानंतर कुणीही आलं नाही. येणार तरी कशाला? माझं सगळं व्यवस्थित चाललं होतं. व्यवस्थित चाललेल्या माणसाकडे कुणी जात नाही, हे मी यापूर्वी कुठल्याच नियमावलीत वाचलं नव्हतं. मी रोज संध्याकाळी चित्रपट लावायचो. माणसाएवढ्या आवाजात माणसं बोलायची, आणि एकमेकांशी बोलायची. चित्रपट संपला की जी शांतता पडायची ती पूर्वीपेक्षा मोठी होती. उत्तम यंत्र घेतलं की शांतताही उत्तम ऐकू येते. एकदा बोलून पाहिलं, 'आता काय करावं?' अँप्लिफायरने हूं की चूं केलं नाही. फोनवर बायको म्हणाली, झालं ना मनासारखं? मी हो म्हणालो. ती म्हणाली, आज मागे कसलाच आवाज नाही. मी म्हणालो, नाही. पुढे त्या चित्रपटांच्या आवाजाला कंटाळून मी ते सगळं बंदच ठेवू लागलो.

मग एका दुपारी काका आले. टेस्टर इथे राहिला का, म्हणून विचारायला. टेस्टर त्यांच्या खिशातच होता. मला तो दिसत होता. मी म्हणालो, बसा, कॉफी ठेवतो. कॉफी घेऊन बाहेर आलो तर ते कपाटामागून उठत होते. 'इथे पडलाय का बघत होतो,' ते म्हणाले. उभ्या उभ्याच कॉफी प्यायले. बोलायला विषय नव्हता. अर्थिंग कसं आहे विचारलं, मी म्हणालो, छान आहे. गेले.

संध्याकाळ झाली आणि मला अगदी राहवेना. आता जे सांगतो ते ऐकून माझ्या जुन्या खात्यातले लोक तोंडात बोट घालतील. मी ठरवलं, तो लाल प्लग आपणच थोडा ओढायचा. खोटा दावा. हयातभर मी खोट्या दाव्यांवर लाल शेरे मारले होते, आणि आता टॉर्च घेऊन मी कपाटामागे रांगत निघालो होतो. हात पुढे केला. प्लग आधीच ओढलेला होता.

सैल झालेला नव्हता, ओढलेला होता. मोजून मापून, अर्धवट, पडणार नाही आणि बसणारही नाही इतका. दुपारनंतर घरात दुसरं कुणी आलंच नव्हतं. मी तिथेच धुळीत बसलो आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडू लागला. म्हणजे काकांना हा प्लग माहीत होता. आजच नव्हे, पहिल्या संध्याकाळपासून माहीत होता. प्रत्येक वायर हातात घेऊन चौकशी करणारा माणूस, त्याला ही एवढी गोष्ट दिसली नसेल? आणि मला जमिनीत पाणी घालायला लावलं. भर वस्तीत, बादलीने. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वयाचा मान वगैरे ठीक आहे, पण मलाही काही मान आहे. मी तसाच, गुडघ्यांना धूळ लागलेली, जिना उतरलो. काय काय बोलायचं ते पायऱ्या उतरतानाच ठरवलं. सुरुवात 'काका, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' अशी करायची होती.

त्यांचं दार उघडं होतं. आतल्या खोल्यांत दिवे होते. कुठेतरी मुलगा फोनवर बोलत होता, कुठेतरी नातवंडांचा खेळ मोबाइलवर वाजत होता. सून स्वयंपाकघरातून कुणाला तरी हाक मारत होती, ती काकांना नव्हती. आणि काका दाराशेजारी, चपला घालायला ठेवलेल्या स्टुलावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, हत्यारांची पिशवी मांडीवर. पायांत चपला. जिन्याकडे बघत होते.

मला पाहून ते उठले नाहीत. माझ्या गुडघ्यांच्या धुळीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. पिशवीचा बंद हातात घट्ट धरून ठेवला. इतके म्हातारे ते मला आधी कधी दिसले नव्हते. मी जिन्यात जुळवलेलं सगळं बोलणं तिथेच सोडून दिलं.

'काका,' मी म्हणालो, 'हुंकार परत आलाय.'

त्यांनी वर पाहिलं.

'वाटलंच मला,' ते म्हणाले. 'हवामान बदललं की होतं असं. येऊ का?'

'या ना. तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहे त्यातलं.'

वर येऊन मी बटण दाबलं. अँप्लिफायर म्हणाला, हूंऽऽ. काकांनी बाह्या दुमडल्या, मी टॉर्च धरला, आणि आम्ही दोघं कपाटामागे शिरलो. स्पीकरच्या वायरी पाहिल्या. टीव्हीच्या पाहिल्या. स्विचबोर्ड उघडून पाहिला. त्या लाल प्लगवर टॉर्चचा उजेड दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा आम्ही बोलत बोलत पुढे गेलो. वरच्या बाई आवाज ऐकून विणकाम घेऊन खाली आल्या, आणि सेक्रेटरींना कळवायला हवं, असं म्हणाल्या. मी चौघांची कॉफी ठेवली.

निघताना काका दारात थांबले आणि म्हणाले, 'अवघड दुखणं आहे. एका दिवसात सापडायचं नाही. उद्या परत बघावं लागेल.'

मी म्हणालो, 'बघावंच लागेल.'